टाकता येईल, पाहता येणार नाही

दार सताड उघडं असलं तरी ते उंबऱ्याशी थांबायचे आणि विचारायचे, "येऊ का?"

आत माणूस असो, नसो. रिकाम्या वर्गाला विचारायचे. प्रयोगशाळेचं कुलूप स्वतःच्या हातानं उघडायचे, दार लोटायचे आणि आतल्या काळोखाला विचारायचे. मग एक श्वासभर थांबून, कुणीतरी 'या' म्हटल्यासारखी मान हलवून, चप्पल काढून आत. पोट्ट्यांनी त्यांचं नाव 'येऊका सर' पाडलं होतं. ते इतकं रुळलं की एका पालकानं रजेच्या अर्जावरच 'माननीय येऊका सर यांस' असं लिहून आणलं. सरांनी अर्ज वाचला, त्याची घडी घातली आणि म्हणाले, "मी नुसता प्रयोगशाळेचा सहायक हाय बापा. मंजूर करायचा अधिकार मॅडमचा." नाव बदलून आणा, असं काही म्हणाले नाहीत.

त्या मॅडम म्हणजे मी. आज नातवंडांची आजी होऊन त्या बाईकडे लांबून पाहते तेव्हा मला हसू आवरत नाही. महागावहून फुलसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात ती हायस्कूलची प्रभारी मुख्याध्यापिका होती. दारावरच्या पाटीवर 'मुख्याध्यापिका' हे ठळक, आणि त्याखालचं 'प्रभारी' तिनं इतकं बारीक लिहवून घेतलं होतं की रंगाऱ्यानं विचारलं, हे माशीनं केलं म्हणून चालेल का. पन्नाशीची बाई, कडक साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शाळेतलं प्रत्येक कुलूप आपल्याला उघडता आलं पाहिजे, असं तिचं ठाम मत. सरांचं मत बरोबर उलटं. तरी आमचं जमायचं, कारण सर भांडायचेच नाहीत. ऐकून घ्यायचे आणि त्यांना हवं तेच करायचे.

आता आर्णीला दुपारचं जेवण झालं की मी खाटेवर आडवी होते. पंखा हळू फिरतो. डोळा लागता लागता तो व्हरांडा दिसतो, तो नेहमी पौषातलाच असतो. कुणाच्या तरी गाडीतून उडालेला कापूस व्हरांड्याच्या जाळीला अडकलेला, उन्हाचे लांब पट्टे फरशीवर पडलेले, आणि त्या पट्ट्यांवर पाय न देता, त्यांनाही जणू वाट विचारत, सर चाललेले. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पट्टीत ते मला सगळ्यात स्पष्ट दिसतात. पुरती जाग आली की चेहरा नीट आठवत नाही. फक्त पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातला खडू आठवतो.

खडू कशाला? तर कुठंही काही समजवायचं झालं की ते जमिनीवर काढून दाखवत. चिंच पाडायची तरी आधी झाडाला हात लावून उभे राहात. मधमाश्यांचं पोळं व्हरांड्यात लागलं तेव्हा ते काढायला त्यांनी पंधरा दिवस घेतले, रोज जाऊन त्यांच्याशी काही बोलत. माश्या एक दिवस आपणच गेल्या. सर म्हणाले, "समजदार होत्या." प्रयोगशाळेच्या प्रत्येक खणावर त्यांनी कागद चिकटवला होता: हा खण कोणी उघडावा. आम्लाच्या बाटलीच्या खणावर एकच नाव, त्यांचं. रंगीत खडूंच्या खणावर 'कोणीही'. एका खणावर लिहिलं होतं, 'कोणीही नाही'. मी तो अर्थातच उघडला. आत एक पाल होती. तिनं अंडी घातली होती.

सरकारनं शाळेला दहा कॉम्प्युटर दिले, इंटरनेट मात्र दिलं नाही. ज्याला त्याला वाटलं, आता यांच्यावर फार तर पत्ते खेळायचे. सरांनी मात्र ते मशीन पुस्तकांतून आणि जुन्या मासिकांतून एकट्यानं शिकून घेतलं. एक दिवस उंबऱ्यात उभं राहून ते म्हणाले की बाहेरचं जाळं नसलं तर आपलं करू. एक मशीन सर्व्हर होईल, बाकीची नऊ त्याच्याकडून पानं मागतील. शाळेपुरतंच. त्या पानांवर गावातली झाडं ठेवायची, प्रत्येक झाडाचा फोटो आणि खाली तीन नावं: मराठी, बंजाऱ्यांची गोरबोली, कोलामी. नावं मुलांनी घरून विचारून आणायची.

मला झाडांशी काही देणंघेणं नव्हतं. पण जिल्ह्यात अशी शाळा दुसरी नाही, असं सांगता आलं असतं. मी होकार दिला.

सर्व्हर सुरू झाला, आणि पडद्यावर एक शब्द येऊन बसला: फॉरबिडन. मनाई. पळसाचं पान उघडायला जावं तर मनाई. चार दिवस मनाई. मी दर तासाला जाऊन विचारायची, झालं का? पाचव्या दिवशी मी नागपूरच्या भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरातलाच. तो म्हणाला, "मावशी, सगळ्याले सातशे सत्त्याहत्तर देऊन टाक अन् मोकळी हो." म्हणजे काय, तर सगळ्यांना सगळं: वाचा, लिहा, कुठंही फिरा. कमांड एका ओळीची होती. मी ती कागदावर लिहून विजयी मुद्रेनं सरांकडे नेली.

सरांनी कागद पाहिला. "मॅडम, पाव्हणा आला. त्याले चहा द्याचा हाय. त्याच्यासाठी देवघर, कपाट अन् सातबारा उघडून ठेवता काय जी?"

सर्व्हरचं काम करणारं मशीनमधलं जे एक वेगळं खातं असतं, त्याला ते पाव्हणा म्हणायचे. पानं आणून देणारा तोच. तो कुठं अडतो आहे हे शोधायचं तर त्याची वाट चालून पाहावी लागेल, असं ते म्हणाले. आणि चाललेच. लॅबच्या फरशीवर त्यांनी खडूनं एक मोठा चौकोन काढला, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असे पाच. सगळ्यात आत पळसाचं पान. मला पडद्यासमोर बसवलं. ते पहिल्या रेघेशी उभे राहिले आणि म्हणाले, "येऊ का?" मी पडद्यावर पाहून सांगायचं, त्या फोल्डरात पाव्हण्याला जायची मुभा आहे की नाही. आहे. एक पाऊल. "येऊ का?" आहे. तिसऱ्या रेघेशी मी पाहिलं तर नव्हती.

"पाह्य," सर एका पायावर उभे राहून म्हणाले. "पान उघडं हाय, पानाची खोली उघडी हाय, मधातलं दार बंद. अन् आपण चार दिवस पानाशीच झटून राह्यलो."

खिडकीत पोरी जमल्या होत्या. मॅडम आणि सर लंगडी खेळतात, असं गावात झालं.

त्या दारालाही त्यांनी सगळं दिलं नाही. फोल्डराला तीन परवानग्या असतात. एक आत काय काय आहे ते पाहायची, एक आत काही टाकायची किंवा काढायची, आणि तिसरी नुसती आतून जायची. जाणाऱ्याला पुढच्या दाराचं नाव ठाऊक असेल तर तो तिथवर चालत जाऊ शकतो, पण इकडेतिकडे डोकावता येत नाही. सरांनी पाव्हण्याला एवढीच तिसरी दिली. मग नवव्या मशीनवर जाऊन त्यांनी बटण दाबलं, आणि पळस आला. केशरी, पडदाभर, खाली तीन नावं. दुपारच्या त्या धुळकट उजेडात ते झाड असं उभं राहिलं की खिडकीतल्या पोरींनी गजांना नाकं लावली.

दुसऱ्या दिवशी मला ते पक्कं समजावं म्हणून त्यांनी माझंच घर उदाहरणाला घेतलं. दूधवाली कुठवर येते? मी म्हटलं, ओट्यापर्यंत. भांडीवाली? मोरीपर्यंत. तुमची भाची? पार चुलीपर्यंत.

"अन् मी?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. उदाहरण पुढं न्यायचं म्हणून विचारलं. चार वर्षं ते सह्यांचे कागद घेऊन माझ्या भाड्याच्या घरी येत होते, आणि चार वर्षं मी त्यांना चहा ओट्यावर देत होते. कप वेगळा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. आणि हे शपथेवर सांगावंसं वाटतं, यातच सगळं आलं. दर चौदा एप्रिलला समतेवर भाषण करणारी बाई ती.

पुढच्या खेपेला मी त्यांना आत बोलावलं, जरा जास्तच आग्रहानं. उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलंच. मी वैतागून म्हटलं, आता तरी विचारू नका, मी बोलावलंय ना.

ते म्हणाले, "माह्या आजाले इचारल्याशिवाय कुठीच जाता येत नोतं. इचारूनही लय ठिकाणी नाई. मले कुठीही जाता येते. म्हनून मी इचारतो. आता ते माह्या मनानं हाय." आणि आत येऊन खुर्चीवर बसले, चहा बशीत न ओतता प्यायले. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

आता पेटीकडे येते. टाळत होते.

उपकेंद्राच्या सिस्टर दर गुरुवारी शाळेत येऊन मुलींशी बोलायच्या. बोलायच्या म्हणजे सिस्टर बोलायच्या; मुली माना खाली घालून नखं पाहायच्या. एकही प्रश्न नाही. सरांनी सर्व्हरवर एक प्रश्नपेटी करून दिली. मुलीनं मशीनवर प्रश्न लिहायचा, नाव नाही. पेटी तिला एक नंबर देणार. गुरुवारी सिस्टर प्रश्न वाचणार आणि उत्तर नंबर घालून सगळ्यांच्या पानावर लावणार. कोणता नंबर कुणाचा, हे त्या मुलीलाच माहीत.

या पेटीनं सरांचा पुन्हा आठवडा खाल्ला. आधी चिठ्ठी आत पडेचना. पाव्हण्याला तिथं लिहायची मुभा नव्हती. मुभा दिली तर पडलेली चिठ्ठी कुणालाही वाचता येऊ लागली. शेवटी त्यांनी ते जमवलं. टाकता येईल, पाहता येणार नाही. पाहता येईल ते एकट्या सिस्टरच्या खात्याला.

मी विचारलं, आणि मुख्याध्यापिकेला?

"तुमाले काय काम हाय जी तिथं?" सर म्हणाले. खरोखर जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मशीनचा सगळ्यात मोठा पासवर्ड त्यांनी पाकिटात घालून, लाख लावून, माझ्या कपाटात ठेवायला दिला. मी मेलो तरच फोडा, म्हणाले.

ते मेले नव्हते. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती, सर घरी गेले होते, पाखरू नव्हतं आवारात. आणि ही बाई हातात पाकीट घेऊन लॅबमध्ये बसली होती. कारण सांगते, लाज सोडून. तिला हे जाणून घ्यायचं होतं की मुली तिच्याबद्दल काय लिहितात. बस. शाळा तिची, मशीन तिच्या सहीनं आलेलं, आणि तेवीस चिठ्ठ्या तिच्या नाकाखाली पडलेल्या. तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसा विचार धरत गेला.

पासवर्ड हातात असलेल्याला एकेक चिठ्ठी गुपचूप पाहता येते, हे मला ठाऊक नव्हतं. मला एकच मंत्र ठाऊक होता, भाच्याचा. तो मी मारला. आणि नुसत्या पेटीवर नाही. पेटी कुठं आहे ते नेमकं कळेना, म्हणून पार मुळापासून, सगळ्या मशीनवर. सगळ्यांना सगळं. मशीन थोडा वेळ घुमलं आणि गप्प झालं. पेटी उघडली.

तेवीसच्या तेवीस वाचल्या. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

बावीस चिठ्ठ्यांत काय होतं ते मी सांगणार नाही; एवढं तरी शिकले. सतरा नंबरची सांगते, कारण तिची मालकीण पुढं मला सांगा म्हणाली. तिनं लिहिलं होतं: 'मंगळवारी पाहुणे येऊन राह्यले. पाहायला नाही, साक्षगंधालाच. दहावीचा पेपर देऊ देतील म्हणतात. त्याच्यानंतरचं कोणी सांगत नाही. सिस्टर, नाही म्हणायची काही पद्धत असते का?'

मी ते तीनदा वाचलं. साक्षगंध म्हणजे साखरपुडाच. बाहेर कवडे घुमत होते. सिस्टर यायच्या गुरुवारी.

आधी मी पेटी पुन्हा बंद करायला गेले. मशीननं माझी कमांड घेतलीच नाही. मालकाच्या हुकुमांची यादी जिथं असते ती फाईलही आता सगळ्यांना उघडी, म्हणून त्या यादीवरच त्याचा भरवसा उरला नव्हता, असं सरांनी मागाहून समजावलं. शनिवारी एवढंच कळलं की जिनं सगळ्यांना सगळं देऊन टाकलं, तिच्या हातात काही राहिलं नाही. मी प्लग ओढून काढला आणि घरी आले.

खरं सांगते, एक वाट मोकळी होती. सोमवारी म्हणायचं, मशीन आपोआप बिघडलं. सरांनी विश्वास ठेवला असता. पण मग सतरा नंबरचं काय? दहावीत मुली सोळा. त्यातली एक कोण, हे मला माहीत नव्हतं. मंगळवार मला माहीत होता.

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेले, विहाराच्या मागच्या गल्लीत. चार वर्षांत पहिल्यांदा. ते उन्हात सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं, आणि पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावर राग पाहिला. राग म्हणजे काय, त्यांनी माझ्याकडे पाहणं बंद केलं. आत जाऊन सदरा घालून आले.

शाळेत ते दिवस मावळेपर्यंत बसले. शेजारचं मशीन धड होतं, त्याच्याकडे पाहून ह्याच्या एकेका दाराला पुन्हा कडी घालत गेले. हे घर कुणाचं, ह्यात कोण जातं, कोण लिहितं. मी डबा आणला तो त्यांनी खाल्ला, पण बोलले नाहीत. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. मला वाटलं, आपण दोघं पाण्याखाली बसलोय.

मग मीच म्हटलं की उद्या सोळाही मुलींना ऑफिसात बोलावते, एकेकीला विचारते. नाही तर पोलीसपाटलाकडे जाते, बालविवाहाचा कायदा आहे, तक्रारीचा फोन नंबर आहे.

"जा की," सर म्हणाले. "पन सांजेपर्यंत गावाले समजन, चिठ्ठी फुटली. मंग बाकीच्या बावीसचं काय? अन् त्या पोरीनं तुमाले सांगतलंच नाई. सिस्टरले सांगतलं."

"मग हातावर हात ठेवून बसू?"

"दिलेली परवानगी मले काढून घेता येते, मॅडम. वाचलेलं काढून घेता येत नाई. वाचलं न तुमी? आता तिलेच इचारा. उत्तर नाई आलं तर सिस्टर ठरवतीन काय करायचं. त्यायचा अधिकार हाय. मी फोन करून बोलावतो त्यायले उद्या सांजी."

ते पान त्यांनी लिहिलं नाही. मला लिहायला लावलं. उत्तरांचं पान, जिथं सगळ्या मुली वाचणार. मी गोल गोल लिहिलं. त्यांनी पुसायला लावलं. तांत्रिक कारणास्तव, असं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी उरलं ते असं: 'शनिवारी पेटी मी उघडली. मला अधिकार नव्हता. तेवीस चिठ्ठ्या मी वाचल्या. चुकले. आता पेटी बंद आहे, पाकीट सरांकडे परत दिलं आहे. सतरा नंबर, तुझ्यासाठी काही करायची माझी इच्छा आहे. करू का? पेटीत कळव.' खाली माझं नाव. हुद्दा लिहिला होता, तो मीच पुसला.

सोमवारी दहावीचा कॉम्प्युटरचा तास तिसरा होता. मी ऑफिसात बसले होते. तास संपल्यावर मुली बाहेर आल्या त्या बोलत नव्हत्या. सोळा चेहरे माझ्या दारावरून गेले, एकीनंही आत पाहिलं नाही. दुपार इतकी लांबली की घंटा द्यायला शिपाई विसरला असावा असं मला दोनदा वाटलं. सर लॅबच्या पायरीवर बसून होते. त्यांना पेटी उघडता आली असती. ते पायरीवर बसून राहिले.

शेवटच्या तासाला सिस्टरची स्कूटी आली. त्या आत गेल्या, पाच मिनिटांनी एका वहीच्या पानावर काही उतरवून बाहेर आल्या. "मॅडम, यातलं एवढंच तुमच्यासाठी आहे," म्हणाल्या.

त्यावर मुलीचं नाव होतं. तिनं स्वतः लिहिलेलं. पुढं:

'करा. पण बाबाशी बोलू नका, आईशी नको. आजीशी बोला. घरात सगळे तिलेच भेतात, पण तिले कोणी काही सांगत नाही. अन् मॅडम, हळू बोला. तुम्ही लय जोरात बोलता, सगळ्या गल्लीले ऐकू जाते.'

मी ते सरांपुढं धरलं. त्यांनी हात मागे घेतला. कुणाची मुलगी, काय लिहिलंय, काही पाहिलं नाही. त्या दिवशी नाही आणि निवृत्त होऊन बहिणीच्या गावी गेले तोवरही नाही. एवढंच म्हणाले, "किती दारं उघडली तिनं?" मी म्हटलं, एकच. "मंग तेवढ्यातूनच जा."

आजी वावरात होती, पऱ्हाटीचा शेवटचा वेचा चालला होता. उन्हं तिरपी झाली होती. कंबरेला ओटी बांधलेली ती सत्तरीची बाई एकेका बोंडाशी इतकी हळू वाकत होती की मला वाटलं, तिला पाहून सरांना बरं वाटलं असतं. मी जवळ गेले आणि जन्मात काढला नव्हता एवढा हळू आवाज काढून म्हटलं, "आजी, तुमच्या नातीबद्दल बोलायचं होतं."

"काय?" आजी म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. ती कानामागे हात धरून म्हणाली, "मोठ्यानं बोल बाई, मले दोन साल झाले, आयकू येत नाई."

मी चारी बाजूंना पाहिलं. धुऱ्याच्या बांधावर एक बगळा होता, बाकी कापूस. मग त्या प्रभारी मुख्याध्यापिकेनं, जिला हळू बोलायची एवढीच एक अट घातली होती, वावराच्या मधोमध उभं राहून एका पोरीचं गुपित जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं. उद्या साक्षगंध आहे. पोरीचं मन नाही. तिला शिकायचं आहे. नाही कसं म्हणायचं, ते तिला माहीत नाही. तुम्हाला हे पसंत आहे का? बगळा उडून गेला.

आजी बराच वेळ बोंडातली कवडी, किडका कापूस, काढत राहिली. मी पदर खोचून तिच्या ओळीला लागले. नुसतं उभं राहवेना. एक तास पूर्ण गेला असेल. ओटी भरल्यावर ती गाठोड्यावर बसली.

"मले उद्याचं फक्त पोहे किती भिजवू, एवढं इचारलं," ती म्हणाली. "माह्या लग्नात मले कोनी नाई इचारलं. माह्या पोरीच्या वक्तीही नाई. आता तुमी इचारून राह्यल्या त सांगतो. मले हे पसंत नाई."

मंगळवारी पाहुणे आले. सगळ्यांदेखत आजीनं सांगितलं की पोरगी शिकते आहे, पोहे खा आणि या. ही गोष्ट मला गावातून कळली, गावाला पाहुण्यांकडून. मुलीचा बाप माझ्याशी कधी वाईट वागला नाही. यात माझा हात होता हे त्याला कधी कळलंच नाही.

पेटी मात्र तीन गुरुवार रिकामी राहिली. सिस्टर यायच्या, मान हलवायच्या, जायच्या. चौथ्या गुरुवारी सिस्टरना जायला उशीर झाला, तेवढ्यावरून आम्ही दोघांनी काय ते ओळखलं.

पण बुधवारचं सांगायचं राहिलं, पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. दहावीवर माझा भूमितीचा तास होता. ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती, वही उघडून, इतर पंधराजणींसारखीच. मी तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून फळ्याकडे तोंड केलं आणि वर्तुळाचं प्रमेय सांगू लागले. सांगत गेले, सांगत गेले. पाठीमागे खुसखुस झाली.

मग तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

"मॅडम," ती म्हणाली, "मागं काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं. जरा मोठ्यानं सांगा."